तान्ह्या बाळाला उन्हाळ्यात पाणी पाजायचं का?

एप्रिल लागला की आमच्या चंद्रपुरात बाळंतिणी एकच प्रश्न घेऊन येतात. "मॅडम, एवढ्या उन्हात बाळाला नुसतं अंगावरचं दूध पुरते का? चमचाभर पाणी दिलं तर काय होते?" विचारते आई, पण प्रश्न बहुतेक वेळा घरातल्या थोरल्या बाईचा असतो. म्हणून मी आईशी एकटीशी बोलत नाही, बाळाला न्हाऊ घालणारीलाही बोलावते. घर वळलं की आई आपोआप सावरते, ही माझी जुनी समजूत. आजवर तिने दगा दिलेला नाही.

मे महिन्यात एक सासू-सून आल्या. बाळ महिन्याचं, किरकिरं, घडीघडी दूध मागणारं.

"लंगोट कोण धुतं?" मी विचारलं.

"मीच जी," सासूबाई म्हणाल्या.

"काल किती निघाले?"

त्यांनी बोटांवर मोजले. "आठ. नाई, नऊ."

"मग पाणी पोटात जातंय ना, काकू? त्याशिवाय एवढे भिजतील का?"

आईच्या दुधात जवळपास ८७-८८ टक्के पाणीच असतं. पहिले ६ महिने, कितीही ऊन असो, वरचं पाणी लागत नाही. उन्हाळ्यात बाळ थोडं थोडं, पण सारखं पितं. ते तहान भागवणंच असतं. वरून पाणी दिलं तर इवलंसं पोट त्यानेच भरतं, दूध कमी जातं आणि हगवणीची भीती वेगळीच.

मग मी सुनेकडे वळले. ओठ फुटलेले, कानाला घट्ट रुमाल. "तू आज लघवीला किती वेळा गेलीस?"

तिने आधी सासूकडे पाहिलं. "सकाळी. मग नाही."

"तिले पाणी मोजूनच देतो," सासूबाई म्हणाल्या, "बाळंतिणीचं पोट सुटते." शिवाय संडास अंगणाच्या टोकाला, टाके दुखतात, म्हणून सूनही घोट टाळत होती. बाळाच्या तहानेची काळजी करणाऱ्या घरात खरी तहानलेली ही होती.

इथे व्याख्यान दिलं की सासू कायमची हातची जाते. मी एवढंच विचारलं, "काकू, तुमचं बाळंतपण कोणत्या घरात झालं?"

"जुन्या. कवेलूचं होतं, मातीच्या भिंती."

"आणि हिची खोली?"

"टिनाची." त्या थांबल्या. "रात्री बी निवत नाई ते." जरा वेळाने स्वतःच म्हणाल्या, "मंग शेगडी काहून ठेवतो आपण?"

हा प्रश्न मी मुद्दाम त्यांच्यासाठीच सोडला होता. ऊब आणि आडोशाची रीत त्या घराला शोभत होती. आता उन्हाळे तापत चाललेत, रात्रीही उकडतं आणि डोक्यावर टिन आलंय. छताचा फरक हॉस्पिटलांनाही पडतो. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादच्या एका हॉस्पिटलाने बाळंतपणाचा विभाग वरच्या मजल्यावरून खाली आणला, तर उन्हामुळे दाखल होणारी नवजात बाळं बरीच कमी झाली.

तेव्हा घरातली सगळ्यात थंड खोली बाळंतिणीची. शेगडी बंद, घरात बाळाचं टोपडं काढलेलं. कूलर लावा, पण समोरची खिडकी उघडी ठेवून, नाहीतर दमटच होतं. झोत बाळावर नको. पाजायला बसताना आईच्या हाताशी पाण्याचा तांब्या, दिवसातून ताक किंवा पन्हं. तिची लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय.

पोटुशी असाल तर अधिकच जपा. अनेक देशांतल्या अभ्यासांचा २०२० मधला आढावा सांगतो की तापमान १ अंशाने चढलं तर दिवस भरण्याआधी बाळंत होण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी वाढते. शेतातली, पाणी भरायची कामं सकाळीच उरका. बाळाची हालचाल मंदावली तर संध्याकाळची वाट पाहू नका.

आणि तान्हं बाळ सुस्त पडलं, ओढून पीत नसेल, टाळू खोल गेली, दिवसभरात सहापेक्षा कमी लंगोट भिजले किंवा अंग तापलं, तर घुटी नको, ग्लुकोजचं पाणी नको. अंगावर पाजत थेट दवाखाना गाठा.