जँगोमध्ये फिल्टरपुढे फिल्टर लावला की नको ते ग्राहक का येतात?

तुमचा प्रश्न जँगोबद्दल (वेबसाइटी बांधायची पायथनमधली चौकट), तो असा: 2023 सालची ऑर्डर आणि तिचेच पैसे बाकी, असे ग्राहक हवेत. एका फिल्टरमध्ये वर्ष आणि त्यापुढे दुसऱ्या फिल्टरमध्ये 'बाकी' लावलं, तर पैसे चुकते केलेलेही यादीत येतात, वर काही नावं तीन-चारदा.

या खड्ड्यात मीही पडलोय. एका वाचनालयासाठी एका ठरावीक वर्षी नेलेल्या, थकलेल्या पुस्तकांची स्मरणपत्रं काढायची होती. तुमचे ग्राहक-ऑर्डर, माझे सभासद-देवघेव, दुखणं एकच. पत्रं गेली आणि दुसऱ्या दिवशी एक आजोबा कार्ड घेऊन दारात. जुन्या ओळीपुढे परतीचा शिक्का लख्ख दिसत होता. त्यांच्याकडे एक पुस्तक होतं खरं, पण ते आदल्याच आठवड्यात नेलेलं.

माझ्या क्वेरीने (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाने) नेमकं तेच पाहिलं होतं. एक ओळ त्या वर्षाची, दुसरीच ओळ बाकीची, दोन्ही अटी पुऱ्या! नातं एकास अनेक असेल तेव्हा जँगो प्रत्येक फिल्टरसाठी देवघेवीचा तक्ता नव्याने जॉइन करतो, म्हणजे सभासदांच्या तक्त्याला जोडतो. दोन्ही अटी एकाच फिल्टरच्या कंसात, स्वल्पविराम देऊन लिहिल्या, की जॉइन एकच होतो आणि अटी एकाच ओळीला लागतात. हा बग नाही, डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय. (मी ते नंतर वाचलं.) ऑर्डरकडून ग्राहकाकडे, म्हणजे साध्या फॉरेन की वरून (दुसऱ्या तक्त्यातल्या एकाच ओळीकडे बोट दाखवणारा रकाना) जाताना हा फरक पडत नाही.

नावं पुन्हा पुन्हा येतात तीही जॉइनमुळेच. एखाद्याच्या 2023 च्या तीन ऑर्डरी आणि एकूण दोन बाकी असतील, तर तो सहा वेळा येतो. डिस्टिंक्ट (पुन्हा आलेल्या ओळी गाळणारी सूचना) लावून सहाचा एक होईल, पण चुकीचा ग्राहक चुकीचाच राहील. मी आधी तेवढंच करून खूश झालो होतो.

कधी मात्र दोन फिल्टरच हवे असतात. 'विनोदी' आणि 'प्रवास' असे दोन्ही टॅग असलेलं पुस्तक शोधताना अटी एका कंसात घातल्या तर हाती शून्य, कारण टॅगच्या एका ओळीला दोन नावं कशी असणार?

एक्सक्लूडचं, म्हणजे अटीत बसणारे वगळण्याचं, गणित आणखी तिरकं. तिथे एका कंसात लिहूनही दोन्ही अटी एकाच ओळीला लागतील याची खात्री नाही. तसे ग्राहक वगळायचे असतील तर आधी ऑर्डरींवर फिल्टर लावा आणि त्या क्वेरीसेटला (फिल्टरमधून मिळणाऱ्या ओळींच्या संचाला) 'इन' ('यांपैकी एक' ही अट) लावून एक्सक्लूडमध्ये द्या. किंवा एक्झिस्ट्स (अशी ओळ आहे का एवढंच तपासणारं) आणि आउटररेफ (बाहेरच्या क्वेरीतल्या ओळीकडे बोट दाखवणारं) वापरा. जँगो 3.0 पासून एक्झिस्ट्स थेट फिल्टरमध्ये चालतं आणि नावांची पुनरावृत्तीही टळते.

तुमच्यापुरतं: दुसरा फिल्टर उडवा, त्यातली अट पहिल्याच्या कंसात आणा. डिस्टिंक्टही लावा, एकाच ग्राहकाच्या दोन ऑर्डरी बाकी असू शकतात. मग क्वेरीसेटची क्वेरी प्रिंट करून ऑर्डरचा तक्ता किती वेळा जॉइन झालाय ते मोजा. एकदाच दिसायला हवा.