सोसायटीची एजीएम: बहुमत कुठवर चालतं?

सहकारी सोसायटीचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७५ नुसार त्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. साहजिकच नोटिसा गणपतीच्या आसपास लागतात आणि आमच्याकडे पत्रंही तेव्हाच येतात. या वेळच्या बहुतेक पत्रांत एक वाक्य आहे: ‘सभेने बहुमताने ठरवलंय, मग आता काय करता येईल?’ पुष्कळ काही करता येतं, कारण सभेचं बहुमत कायदा आणि उपविधी (सोसायटीचे नोंदणीकृत नियम, बायलॉज) यांच्या चौकटीत चालतं, चौकटीबाहेर नाही.

आमच्या सोसायटीत ७२ सभासद. सभा रात्री ८ ची. हजर ११. अध्यक्ष म्हणाले, ‘अर्धा तास थांबू.’ साडेआठला १४ जण होते आणि सभा सुरू झाली. ही सभा धरायची का? (डोंबिवली)

नोटीस काढून बघा. सहकार खात्याच्या आदर्श (नमुना) उपविधीनुसार गणपूर्ती, म्हणजे कोरम किंवा सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा २०, यांतली कमी संख्या. तुमच्याकडे २० हवेत. बारा बिऱ्हाडांच्या सोसायटीत आठ पुरतात. कोरम नसेल तर अर्ध्या तासाने सभा तहकूब होते, आणि त्याच दिवशी पुन्हा भरवायची तर त्याची वेळ मूळ नोटिशीतच लिहिलेली लागते. ‘गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा त्याच ठिकाणी रात्री ८.३० वाजता होईल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही’ अशी ओळ असेल, तर १४ जणांची सभा पक्की. ती ओळ नसेल, तर सात दिवसांनंतरची आणि तीस दिवसांच्या आतली तारीख द्यायला हवी होती. ही सवलत सभासदांच्या मागणीवरून बोलावलेल्या सभेला नाही. तिथे कोरम झाला नाही की सभा रद्द.

एजीएमचे सगळे विषय संपले, निम्मे लोक उठून गेले. मग ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ यात रंगकाम आणि वॉटरप्रूफिंगचा २२ लाखांचा ठराव मंजूर केला. आम्ही ५५ सभासद, म्हणजे प्रत्येकी ४० हजार. विषयपत्रिकेत याचा उल्लेखही नव्हता. (ठाणे)

या सदरात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. रक्कम बदलते, पद्धत तीच: अहवाल, ताळेबंद, लेखापरीक्षकाची नेमणूक हे सगळं तासाभरात उरकायचं, लोक चहासाठी उठले की सेक्रेटरींनी घसा खाकरायचा.

वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस यात धरत नाहीत. विशेष सर्वसाधारण सभेला पूर्ण पाच दिवस पुरतात. ही मुदत का आहे? सभासदाने कोणते विषय येणार ते वाचावं, हिशेब तपासावा आणि जायचं की नाही ते ठरवावं म्हणून. विषयपत्रिकेत २२ लाख दिसले असते तर तुमच्याकडचे उठून गेलेले निम्मे लोक बसून राहिले असते, हे सांगायला वकील लागत नाही. म्हणूनच ज्या विषयाला रीतसर नोटीस लागते तो ऐनवेळी घेता येत नाही. जिन्यात सायकली ठेवू नयेत, कचऱ्याची गाडी किती वाजता येते, गच्चीचं कुलूप कोणाकडे, असे विषय तिथे चालतात. प्रत्येकाच्या खिशाला हात घालणारे चालत नाहीत.

शिवाय मोठ्या कामाला निविदा मागवाव्या लागतात. सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय कमिटी किती खर्च करू शकते, याची सभासदसंख्येनुसार मर्यादा तुमच्या उपविधीत छापलेली असते. ती प्रत आधी मिळवा.

आता उपाय. असा ठराव सदोष असला तरी आपोआप पुसला जात नाही. गप्प बसलात तर वसुलीची बिलं येतील. पहिलं पाऊल म्हणजे सेक्रेटरींना लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. व्हॉट्सअॅपवरच्या संतापाला पोच नसते. दुसरं, एक-पंचमांश सभासदांनी, म्हणजे तुमच्याकडे ११ जणांनी, सह्या करून विशेष सभेची मागणी करावी. कलम ७६ खाली कमिटीला ती महिन्याभरात बोलवावी लागते. टाळाटाळ झाली तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाता येतं. ठरावालाच आव्हान द्यायचं असेल तर कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे, पण ती वाट लांबची आणि खर्चिक. माझा कल विशेष सभेकडे आहे. तीन कोटेशनं, कामाचा तपशील, फंडात किती शिल्लक आणि किती वर्गणी, हे कागद नोटिशीसोबत घरोघर पोचले तर निम्मी भांडणं तिथेच विझतात.

एक मात्र सांगतो. भिंतीतून पाणी झिरपत असेल तर काम लागणारच आहे. तुमचा आक्षेप पद्धतीला असू द्या. ‘रंग नकोच’ या सुरात गेलात तर पुढच्या पावसाळ्यात सगळ्यात वरच्या मजल्यावरचे तुमच्या दारात उभे राहतील.

आमच्याकडे वन बीएचके जास्त, थ्री बीएचके कमी. वन बीएचकेवाल्यांनी बहुमताने मेंटेनन्स चौरस फुटावर नेला. आमचं बिल जवळजवळ दुप्पट झालं. (पुणे)

आधी मला सांगा, तुम्ही सोसायटी आहात की अपार्टमेंट? पुण्यात हा प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर देणं धोक्याचं. नोंदणी प्रमाणपत्रावर ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ असेल तर १९६० चा कायदा लागू. घराच्या कागदांत डीड ऑफ डिक्लरेशन आणि डीड ऑफ अपार्टमेंट असतील तर तुम्ही महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अॅक्ट, १९७० खाली आहात. बोलीभाषेत दोन्हीला सोसायटीच म्हणतात, पाटीवरही तसंच रंगवतात आणि मग शेजारच्या इमारतीचा नियम आपल्याकडे आणून भांडतात.

सहकारी सोसायटी असेल तर सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान. वॉचमनचा पगार, जिन्यातले दिवे, झाडलोट, कारकुनी खर्च, ऑडिट फी हे थ्री बीएचकेसाठी वेगळे होत नाहीत. व्हीनस सोसायटीच्या प्रकरणात २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हीच बाजू उचलून धरली. बहुमताने ठराव केला म्हणून यात फरक पडत नाही. तरीही तुमचं आणि वन बीएचकेचं बिल तंतोतंत सारखं येणार नाही. मालमत्ता कर ज्याचा त्याचा. पाणी नळांच्या संख्येनुसार, त्यामुळे तीन बाथरूमवाल्याला जास्त. दुरुस्ती निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (इमारत पुढे नव्याने बांधण्यासाठी राखलेला निधी) किमान ०.२५ टक्के, जमिनीची किंमत वगळून. घर मोठं म्हणजे बांधकाम खर्च मोठा, म्हणून हे दोन आकडे तुमचे वाढणारच आणि ते योग्य आहे. लिफ्टचा खर्च मात्र सगळ्यांना सारखा, तळमजल्यालाही. त्यावर दरवर्षी एक तरी पत्र येतं.

अपार्टमेंट असेल तर चित्र उलटं. तिथे सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो आणि तो हिस्सा डिक्लरेशनमध्ये टक्क्यांत लिहिलेला असतो. मग मोठ्या घराचं बिल मोठंच येणार. त्या स्थितीत तक्रार करण्याऐवजी टक्केवारी नीट लावली आहे का तेवढं तपासा.

भाड्याने दिलेल्या फ्लॅटला दरमहा २,००० रुपये जादा आणि अविवाहित भाडेकरूंना बंदी, असे दोन ठराव एजीएमने केले. मी स्वतः बदलीमुळे बाहेरगावी राहते. (नवी मुंबई)

दोन्ही टिकणारे नाहीत. बिनभोगवटा शुल्क, ज्याला सगळे नॉन ऑक्युपन्सी चार्ज म्हणतात, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. शासनाचा हा आदेश ऑगस्ट २००१ चा. माँ ब्लाँ सोसायटीच्या प्रकरणात २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. १० टक्के पूर्ण बिलाचे नाहीत, फक्त सेवाशुल्काचे. बिल ३,९०० असेल आणि त्यातलं सेवाशुल्क १,६०० असेल, तर शुल्क १६० रुपये. मुलगा, मुलगी, आईवडील, भाऊ असे जवळचे नातेवाईक राहत असतील तर तेही नाही.

भाडेकरू कोण असावा हे ठरवण्याचा अधिकार सोसायटीला नाही. तुम्ही आधी लेखी कळवायचं, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत आणि पोलीस पडताळणीचा कागद द्यायचा. रात्री दोनला गाणी लावणाऱ्या भाडेकरूबद्दल सोसायटी तुम्हाला नोटीस देऊ शकते, पण ती गाणी लावली म्हणून, लग्न झालं नाही म्हणून नव्हे.

वडील ८२ वर्षांचे, सभासद तेच. कुलमुखत्यारपत्र घेऊन मी सभेला गेलो तर बाहेर काढलं. (सांगली)

काढलं ते नियमानेच, जरी सांगण्याची पद्धत बरी नसेल. सर्वसाधारण सभेत प्रॉक्सी, मुखत्यार, अधिकारपत्र काहीही चालत नाही. वडिलांच्या लेखी शिफारशीवरून सहयोगी सभासद व्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहयोगी सभासद होऊ शकणाऱ्यांत मुलगा, मुलगी, सून, जावई, भाचे-पुतणेसुद्धा येतात. त्यानंतर वडिलांच्या गैरहजेरीत, त्यांच्या संमतीने, बसा आणि मतही द्या. लेक-जावई अमेरिकेत आणि फ्लॅट इथे, अशा घरांनी तर हा अर्ज आजच करावा.

सभेत आम्ही सहा जणांनी विरोध केला. इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’. (ठाणे)

इतिवृत्ताचा मसुदा कमिटीने सभेपासून तीन महिन्यांत नक्की करून पुढच्या पंधरा दिवसांत सभासदांना द्यायचा असतो आणि तुम्हाला हरकतीला पंधरा दिवस मिळतात. बहुतेक सोसायट्यांत हा मसुदा कधी फिरतच नाही. थेट पुढच्या वर्षी ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ या विषयात तो कानावर पडतो, तेव्हा कोणाला काही आठवत नसतं. तुम्ही लेखी मागणी करा, आणि प्रतीचे पैसे भरून नक्कल घ्या. सहाही जणांच्या सहीने हरकत द्या: कोणता ठराव, कोण विरोधात, नक्की काय बोललं गेलं.

पुढच्या वेळी सभेतच मतमोजणी मागा आणि ‘विरोध करणाऱ्यांची नावं लिहा’ असं मोठ्याने सांगा. चार ओळींचा विरोध घरूनच लिहून नेला आणि सभा संपण्याआधी सेक्रेटरींच्या हातात दिला तर उत्तमच. इतिवृत्त कायम करताना जुना निर्णय फिरवता येत नाही, नोंद बरोबर की चूक एवढंच ठरतं. त्या विषयावर तासभर जुनं भांडण उकरणाऱ्यांना अध्यक्षांनी थांबवलं तर ते बरोबरच आहे.

एका सभासदाची १४ महिन्यांची थकबाकी आहे. त्याचं पाणी तोडायचं आणि नाव गेटवर लावायचं असं सभेत ठरलं. मी खजिनदार आहे, अंमलबजावणी माझ्या गळ्यात. (कल्याण)

करू नका. पाणी तोडण्याचा अधिकार उपविधी सोसायटीला देत नाहीत आणि नळ बंद केल्यावर पोलीस चौकीत उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, हात वर करणाऱ्या चाळीस जणांना नाही. थकबाकीदारांची यादी हिशेबाच्या कागदांत सभेपुढे ठेवा. गेटवर फलक लावून बदनामीचा दावा ओढवून घेऊ नका.

पैसे वसूल करायला कायद्याने चांगलं हत्यार दिलेलं आहे. बिल किंवा नोटिशीनंतर तीन महिन्यांत न भरणारा थकबाकीदार ठरतो आणि कमिटीवर राहू शकत नाही. उपविधीतल्या दराने सरळव्याज लावा. २०१४ च्या आदर्श उपविधीत त्याची कमाल २१ टक्के आहे. चक्रवाढ मुळीच नको, तिथेच प्रकरणं अडतात. मग कलम १५४ ब-२९ खाली, म्हणजे पूर्वीच्या १०१ च्या जागी, उपनिबंधकांकडे वसुली दाखल्याचा अर्ज. दाखला मिळाला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. अर्जासोबत बिलांच्या प्रती, खातेउतारा, दोन नोटिसा आणि त्यांच्या पोच जोडा. कागद पूर्ण असले तर घरावर जप्तीची नोटीस लागायच्या आधीच बरेच जण चेक घेऊन येतात.

पाच वर्षं मीच सेक्रेटरी. मुदत संपली, कोणी फॉर्म भरायला तयार नाही. (नाशिक)

आशियातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून ओळखली जाणारी गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची, म्हणजे बिनपगारी सेक्रेटरींची परंपरा शंभरीच्या पुढची आहे. तुमचा कंटाळा समजतो. २५० पर्यंत सभासदांच्या सोसायटीला निवडणूक स्वतःच घेता येते, तिचा खर्चही फार नाही. कोणीच उभं राहिलं नाही तर कलम ७७-अ खाली निबंधक बाहेरची व्यक्ती नेमू शकतात आणि तिचं मानधन सोसायटीच्या पैशातून जातं. त्या मानधनाचा आकडा नोटीस बोर्डावर लावा, फॉर्म येतात. नव्या सेक्रेटरींच्या अंगावर सगळं टाकू नका: बिलं, पावत्या, रजिस्टरं सांभाळायला अर्धवेळ पगारी माणूस ठेवा. त्या पगाराची तरतूद याच सभेच्या अंदाजपत्रकात करा, आणि तो विषय विषयपत्रिकेत नावानिशी छापा.