सीडर रॅपिड्समध्ये घर घेण्याआधी

अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्सला नोकरी लागली असेल, तर घराची घाई करू नका. जून 2008 मध्ये सीडर नदी 31 फुटांवर चढली आणि डाउनटाउन बुडालं, म्हणून आधी पूरनकाशा बघा. घर उंचावर असलं तरी तळघर तपासाच. तळघरात साचणारं पाणी बाहेर फेकणाऱ्या संप पंपाच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. पंप आपोआप सुरू व्हायला हवा आणि पाणी भिंतीपासून लांब पडायला हवं. वादळात वीज गेली की पंपही बंद, त्यामुळे बॅटरी बॅकअप हवाच. रेडॉन (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू) तपासणीत हवेच्या लिटरमागे 4 पिकोक्युरी (किरणोत्साराचं एकक) किंवा जास्त निघाला, तर उपाययोजनेचा खर्च विक्रेत्याकडे मागा. क्वेकर ओट्सचा कारखाना नदीकाठीच, मक्याचे कारखानेही शहरातच. वाऱ्यासोबत वास येतो. तेव्हा घर दोन वेगवेगळ्या दिवशी बघा.