आजोबांच्या ट्रंकेतले पडावांचे फोटो

ताई, ट्रंकेत आजोबांचे दीडेकशे फोटो निघाले. काही ठाण्यात चेंदणीच्या बंदरावर पडाव, म्हणजे शिडाच्या मोठ्या लाकडी होड्या, बांधतानाचे, काही मुंबईच्या गोदीतल्या नोकरीचे. मोबाइलवर काढून, रंग भरून घेतले की मूळ फोटो टाकून द्यायचे का, असं विचारलंत. टाकू नका. आणि रंग मुळीच भरू नका. मशीनला काय माहीत, शीड पांढरं होतं की गेरूत बुडवलेलं!

मी गोदीतल्या ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं काढली, आता नेरुळला असतो. पोलादी जहाजाचा फोटो गेला तरी त्याचे नकाशे कुठल्यातरी कपाटात असतात. आपल्या ठाण्याच्या खाडीतल्या पडावाचा कागदी नकाशा कधी नव्हताच. मिस्त्री पठाण, म्हणजे तळाचा कणा, टाकायचा, नाळ, म्हणजे पुढचं उभं लाकूड, उभी करायचा, पुढचं सगळं डोळ्यांच्या अंदाजाने. त्यामुळे ओहोटीच्या चिखलात उभा अर्धवट पडाव, आतल्या बरगड्या उघड्या, फळ्या अजून चढायच्या आहेत, असा एखादा धुरकट फोटो असेल तर तोच त्याचा नकाशा. नारळ फोडतानाचे, हारतुऱ्यांचे फोटो सगळेच जपतात. तुम्ही आधी हे वेगळे काढा.

माझी चूक सांगतो. वडिलांच्या रेतीच्या पडावाचा फोटो फ्रेम करताना कडेचा उघडाबंब माणूस मी कापून टाकला. फोटोत नको तो, म्हणून. पुढे दिवाळे गावच्या एका म्हाताऱ्याने फ्रेम पाहिली आणि विचारलं, फळ्यांच्या फटीत कापूस ठासणारा कुठे गेला? तो कसा बसायचा, हातोडा कसा धरायचा, हे दाखवणारा आमच्या घरातला तेवढाच फोटो होता. तेव्हा कडा कापू नका. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का नि तारीख तिथेच सापडते.

स्कॅनर सपाट काचेचा घ्या. फोटोला ६०० डीपीआय (इंचाला किती ठिपके, तो आकडा), छोट्या नेगेटिव्हला २४००, आणि मूळ फाइल टिफमध्ये, त्यात फोटोचा तपशील गळत नाही. मोबाइल यादी करण्यापुरता ठीक. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. नेगेटिव्हला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती फिल्म कुजायला लागली आहे. ती वेगळ्या डब्यात ठेवा आणि तिचा नंबर पहिला लावा. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. लॅमिनेशन नको. आणि हा सगळा पसारा दिवाळीनंतर मांडा, ठाण्याच्या पावसाळ्यात नाही.

साल ठरवायला खाडीच मदत करते. वाशीचा पहिला पूल १९७३चा, रेल्वेचा १९९२चा, ऐरोलीचा १९९९चा. कुठला दिसतो, कुठला दिसायला हवा होता पण नाही, ते बघा. गोदीच्या फोटोंत पत्र्यावर रिव्हेटच्या रांगा दिसल्या तर जहाज बहुधा जुनं, वेल्डिंग नंतरच्या काळातलं. युद्धनौकेवर आकडा असतो. एफ ३३ दिसला तर ती ‘नीलगिरी’. १९६८ला माझगावात पाण्यात उतरली, १९७२ला नौदलात दाखल झाली. गोदीच्या आतले फोटो मात्र विचारल्याशिवाय चारचौघांत टाकू नका.

घरातल्या म्हाताऱ्यांसमोर फोटो ठेवाल तेव्हा ‘हे कोण’ विचारू नका, नाव आठवलं नाही की माणूस गप्प होतो. ‘इथे काय चाललंय’ विचारा आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा. नावं मागाहून येतात.

प्रती तीन ठेवा, एक घराबाहेर. मुंबईत वाडिया या जहाजबांधणीच्या घराण्याने सागवानात बांधलेली युद्धनौका ‘ट्रिंकोमाली’ १८१७ची, आजही इंग्लंडात हार्टलपूलला उभी आहे. तिचे नकाशे इंग्लंडहून ज्या ‘जावा’ जहाजावर येत होते ते १८१२ला अमेरिकनांनी लढाईत संपवलं. नकाशांची प्रत पुन्हा पाठवली म्हणून ‘ट्रिंकोमाली’ झाली. तुमची बाहेरची प्रत ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात घेतात का, विचारून बघा. नातेवाइकांत वाटलेले पेन ड्राइव्ह मी धरत नाही, ते दोन वर्षांत कुणाच्यातरी लग्नाचे फोटो भरायला जातात.

आज एवढंच करा: नेगेटिव्हचा डबा उघडा, वास घ्या आणि मला कळवा.