चुंबक हा एकट्या फिजिक्सचा विषय नाही

तुझं पत्र वाचलं. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, सेमिनारमध्ये हाय प्रेशर टॉर्शन, म्हणजे प्रचंड दाबाखाली धातू पिळून नॅनो रचनेचे कायमस्वरूपी चुंबक बनवण्याबद्दल ऐकलंस, आणि मास्टर्स त्यातच करावं असं तुला वाटतंय. 'चुंबक फिजिक्सवाल्यांचा प्रांत, नोकरी कुठे मिळणार?' ही बाबांची काळजी.

पहिली शंका आधी मिटवते. यातलं निम्मं काम तुझ्याच विषयाचं आहे. दोन अॅन्व्हिलच्या, म्हणजे कठीण ठोकळ्यांच्या, मध्ये धातूची पावडर ठेवायची, काही गिगापास्कल दाब द्यायचा आणि एक अॅन्व्हिल फिरवायचा. समज, चकती अर्धा मिलिमीटर जाड आहे. केंद्रापासून 4 मिलिमीटरवर एकाच फेऱ्यात शिअर स्ट्रेन, म्हणजे पिळामुळे होणारी विकृती, 50 च्या घरात जातो! टेन्साइल टेस्टमध्ये, म्हणजे ओढून बघताना, नमुना किती लवकर तुटतो ते आठव. इथे दाबामुळे तो तुटत नाही, ग्रेन, म्हणजे धातूतले स्फटिककण, मात्र बारीक होत जातात. केंद्रात स्ट्रेन जवळपास शून्य, त्यामुळे एकाच चकतीत कडेचे गुणधर्म वेगळे आणि मधले वेगळे. हे कोडं सोडवायला मेकॅनिक्स पक्कं असलेलं माणूस लागतं.

समेरियम-कोबाल्ट या चुंबकी मिश्रधातूमध्ये लोखंड मिसळून पिळतात, तेव्हा लोखंडाचे थर साधारण 10 नॅनोमीटरपर्यंत पातळ व्हावे लागतात. जाड राहिले तर ते शेजारच्या 'कठीण', म्हणजे चुंबकत्व सहज न सोडणाऱ्या, चुंबकाच्या धाकात राहत नाहीत आणि कोअर्सिव्हिटी, म्हणजे चुंबकत्व टिकवण्याची ताकद, घसरते. फिजिक्स तुला शिकावं लागेल ते इथे. हिस्टेरिसिस लूप, म्हणजे बाहेरचं चुंबकी क्षेत्र बदलताना नमुन्याचं चुंबकत्व कसं बदलतं त्याचा आलेख, पाहून नमुन्यात काय बिघडलंय ते सांगता यायला हवं.

बाबांची काळजी मात्र रास्त आहे. पिळून केलेली चकती नाण्याएवढी, कारखान्यात तिचं उत्पादन होत नाही. पण तिची सख्खी बहीण, हॉट डिफॉर्मेशन, म्हणजे तापवून दाबून आकार देण्याची पद्धत, उद्योगात पोहोचली आहे. 2016 मध्ये होंडा आणि दाइदो स्टीलने हायब्रिड गाडीच्या मोटरसाठी जड रेअर अर्थ (डिस्प्रोसियमसारखी मूलद्रव्यं) न वापरता निओडिमियम चुंबक आणला, तो याच पद्धतीचा. ग्रेन बारीक, म्हणून डिस्प्रोसियमशिवाय उष्णता सोसतो. म्हणून डिग्री मटेरियल्स किंवा मेटलर्जीची घे, चुंबक प्रबंधापुरता ठेव. सिंटरिंग (पावडर तापवून घट्ट करणं), फोर्जिंग, मोटर डिझाइन, सगळी दारं उघडी राहतील.

गाइड निवडताना एक गोष्ट नक्की विचारून घे: मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकत्व मोजायचं यंत्र, लॅबमध्येच आहे का? नसेल तर नमुने दुसरीकडे पाठवून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. ही चूक मी विद्यार्थ्यांना करताना पाहिली आहे, तू करू नकोस.