ग्रँड कॅन्यनहून लास व्हेगासला जाताना अमेरिकेतल्या जुन्या 'रूट ६६' रस्त्यासाठी एकच दिवस हातात आहे. नेमका कोणता भाग बघावा?

ॲरिझोनातला सेलिगमन ते ओटमन. दिवस एकच असेल तर बाकी कशाच्या मागे लागू नका.

सोबत आई-वडील आहेत आणि 'नुसत्या रस्त्यात काय बघायचंय' असं घरात चाललंय, हे तुम्ही लिहिलंय म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी फिनिक्सला असतो. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आई-बाबांना घेऊन हाच दिवस केला. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, उभी हयात आंबा घाटात गेली. ग्रँड कॅन्यन बघून ते 'छान आहे' म्हणाले आणि गाडीत येऊन बसले. बोलायला लागले ते दुसऱ्या दिवशी, या रस्त्यावर.

आधी एक समजून घ्या. १९२६ साली सुरू झालेला शिकागो ते सांता मोनिका हा जवळजवळ २,४०० मैलांचा रस्ता १९८५ मध्ये सरकारी यादीतून रद्द झाला. आज तो सलग नाहीच. कुठे नव्या हायवेखाली गाडला गेलाय, कुठे माळावर जाऊन अचानक संपतो. पण पश्चिम ॲरिझोनात आय-४० हा नवा हायवे सरळ कापत गेला आणि उत्तरेला वळसा घालणारा जुना रस्ता तसाच राहिला. सेलिगमन ते किंगमन हायवेने साधारण ७० मैल, जुन्या रस्त्याने ८७. म्हणजे वाकडी वाट १७ मैलांचीच. नकाशाचं ॲप मात्र सारखं आय-४० कडे ओढतं. सेलिगमन आलं की ते बंद करा आणि पाट्या बघत चला. तसंही मध्ये नेटवर्क जातंच.

सेलिगमनला तासभर तरी ठेवा. सप्टेंबर १९७८ मध्ये आय-४० गावाला वळसा घालून गेला आणि गावातली वर्दळ एका दिवसात थांबली. गावचे न्हावी एंजल डेलगाडिलो यांनी १९८७ मध्ये आसपासची माणसं जमवून संघटना काढली, सरकारच्या मागे लागून हा पट्टा 'ऐतिहासिक' म्हणून जाहीर करून घेतला. मग बाकीच्या राज्यांनीही कित्ता गिरवला. त्यांच्या दुकानात हे सगळं मी बाबांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "आपल्याकडं एक्स्प्रेस-वे झाल्यावर जुन्या रस्त्यावरचे धंदे बसले, तेव्हा असा न्हावी निघाला नाही बघ."

एंजल यांचे भाऊ वान यांनी १९५३ मध्ये रेल्वेच्या भंगारातल्या लाकडांतून उभं केलेलं स्नो कॅप हे खाण्याचं ठिकाण जवळच आहे. दाराला दोन मुठी आहेत, त्यातली एक नुसती फसवायला. आई चुकीची मूठ धरून ओढत राहिली, आतले लोक हसत राहिले. शाकाहारी असाल तर फ्राइज आणि मिल्कशेकवर भागवा. हिवाळ्यात ते बंद असतं.

पुढे पीच स्प्रिंग्ज, वालापाय आदिवासींचं मुख्य गाव. व्हेगासहून लोक काचेच्या स्कायवॉकवर जातात ना, तो याच लोकांचा. रस्त्याकडेला दाढीच्या क्रीमच्या जुन्या जाहिरातींसारख्या लाल पाट्या लागतात. एका पाटीवर कवितेचे दोन-तीनच शब्द, पुढची ओळ पुढच्या पाटीवर, शेवटी कंपनीचं नाव. आपल्या ट्रकमागच्या शायरीची ही चुलत बहीण. बाजूला रेल्वे असतेच. बाबांनी एका मालगाडीचे डबे मोजायला घेतले आणि शंभरानंतर नाद सोडला. हॅकबेरीच्या दुकानापाशी फोटो काढा, पण तिथले जुने पेट्रोल पंप शोभेचे आहेत. टाकी सेलिगमनलाच भरा. किंगमनचं संग्रहालय मला बेताचं वाटलं, वेळ कमी असेल तर सोडा.

खरी मजा किंगमननंतर. सिटग्रीव्ह्ज खिंडीचा घाट अरुंद, वळणं अगदी कोपरात दुमडल्यासारखी, आणि बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. ४० फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी आहे. पूर्वी काही गाड्यांमध्ये पेट्रोल नुसत्या उताराने इंजिनात यायचं, त्यामुळे चढावर पुरवठा तुटायचा. मग लोक हा घाट उलटी गाडी घालून चढायचे! हे ऐकल्यावर बाबा दहा मिनिटं गप्प होते. मग एकदम म्हणाले, "क्लीनर काय करत असेल?"

पलीकडे ओटमन, सोन्याच्या खाणींचं गाव. खाणी बंद पडल्या, खाणकामगारांनी सोडलेल्या गाढवांची पिल्लावळ आता मुख्य रस्त्यावर मालकासारखी हिंडते. गाडीच्या काचा वर घ्या. आमच्या उघड्या खिडकीतून एकाने थेट आईच्या मांडीवरच्या दशम्यांच्या डब्यात तोंड घातलं. शिंगरांना काही भरवू नका, तिथे तसं लिहिलेलंच असतं. जून ते ऑगस्टमध्ये हा बेत करू नका, म्हाताऱ्या माणसांना तिथलं ऊन झेपत नाही. ओटमनहून बुलहेड सिटीमार्गे व्हेगास दोनेक तास. हिवाळ्यात नेवाडाचं घड्याळ एक तास मागे असतं, तेवढा वेळ फुकटात मिळतो.

आणि घाट उतरताना गाडी ऑटोमॅटिक असली तरी खालच्या गियरवर घ्या. मी सबंध उतार ब्रेकवर उतरलो. ओटमनला थांबल्यावर सगळे गाढवांकडे गेले, बाबा आधी पुढच्या चाकाशी वाकले, जवळ हात नेऊन धग बघितली आणि म्हणाले, "डेपोत असतास तर मेमो मिळाला असता."