मुलीला ‘बायोमिमिक्री’ शिकायचीय. पदवी कोणती घ्यावी?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात साखर कारखान्यात नोकरीला आहे. मुलगी बारावी सायन्सला, पीसीएम ग्रुप. निसर्गात काही वाया जात नाही, तसे आपल्या भागात उद्योग उभे करायचं शिकायचंय म्हणते. अशी पदवी असते का? नोकरीचं काय?

उत्तर : बायोमिमिक्री म्हणजे निसर्गाच्या युक्त्यांची नक्कल. त्या नावाची पदवी शोधत बसू नका. एमएचटी-सीईटी देऊन केमिकल इंजिनीअरिंगला घाला. आवड टिकली तर पुढे नेदरलँड्समधली लायडन आणि डेल्फ्ट ही विद्यापीठं मिळून ‘इंडस्ट्रियल इकॉलॉजी’ची (एका उद्योगाचं टाकाऊ ते दुसऱ्याचा कच्चा माल, हे शिकवणारा विषय) 2 वर्षांची एमएस्सी चालवतात. महागडी ऑनलाइन सर्टिफिकेटं तूर्त नकोत. मास बॅलन्स, म्हणजे आत किती माल गेला आणि बाहेर किती निघाला याचा हिशेब, मांडता येत नसेल तर त्यांचा काडीचा उपयोग नाही.

या विषयातलं नेहमीचं उदाहरण डेन्मार्कमधलं कालुंडबोर्ग. तिथे वीजकेंद्राची वाफ शेजारच्या कारखान्यांना जायची आणि धुरातला गंधक चुन्यात धरून झालेला जिप्सम प्लास्टरबोर्डवाल्यांना. हे कुणी आराखडा काढून बसवलं नाही, 1972 पासून एकेक करार होत गेला. पुढे वीजकेंद्राने कोळसा सोडला, तसा तो जिप्समही गेला. एकाच्या टाकाऊवर दुसऱ्याचा धंदा उभा करताना हा धोका धरूनच चालायचं.

शिकायला तुमचाच कारखाना आहे की! टनभर उसामागे साधारण 280 ते 300 किलो बगॅस (चोथा), 40-45 किलो मोलॅसिस (साखर काढून उरलेला दाट पाक), 30-40 किलो प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) निघतो. सीझनमध्ये परवानगी काढून तिला लॅबच्या रोजच्या रिपोर्टवरून हा ताळा बसवू द्या, ओलाव्यासकट. बगॅसमध्ये निम्मं पाणी, प्रेसमडमध्ये 70 टक्क्यांवर. म्हणजे ट्रकभर प्रेसमड लांब न्यायचा तर भाडं बहुतेक पाण्याचंच! शिवाय गाळप चार-पाच महिने, प्रेसमडपासून गॅस करणाऱ्या प्रकल्पाच्या डायजेस्टरला (कुजवायच्या टाकीला) मात्र बारा महिने खाद्य हवं. ढीग लावून ठेवला तर तो आतून तापतो, कुजतो, आणि गॅस देणारा अंश वापराआधीच घटतो. असे प्रकल्प कागदावर झकास दिसतात आणि पावसाळ्यात अडकतात, ते इथेच. डिस्टिलरी असेल तर स्पेंटवॉशही (अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी) बघायला सांगा : लिटरभर अल्कोहोलमागे 8 ते 15 लिटर. तो आटवून बॉयलरमध्ये जाळला की राखेत पोटॅश उरतं, ते खत म्हणून परत उसाला देता येतं.

नोकऱ्या डिस्टिलऱ्यांत, सीबीजी (कॉम्प्रेस्ड बायोगॅस) प्रकल्पांत, पर्यावरण सल्लागारांकडे आहेत. जाहिरातीत मात्र ‘प्रोसेस इंजिनीअर’ किंवा ‘ईटीपी इनचार्ज’ (ईटीपी म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र) असंच लिहिलेलं असेल, तेव्हा शोधताना तेच शब्द टाका.